इंग्रजीतला डायरेक्ट आणि इनडायरेक्ट ऑब्जेक्ट: मराठी माणसाने सुरुवात कुठून करावी

नागपुरात तुम्ही 'मले पुस्तक दे' म्हणा, 'पुस्तक मले दे' म्हणा, नाहीतर घाईत 'दे मले पुस्तक' म्हणा; ऐकणारा पुस्तक तुमच्याच हातात ठेवतो. पुण्याकडचा माणूस 'मले'च्या जागी 'मला' म्हणेल, एवढाच फरक. शब्द वाक्यात कुठेही गेला तरी 'ले' किंवा 'ला' हा प्रत्यय त्याच्यासोबत जातो आणि पुस्तक कोणाला द्यायचं ते सांगतो. इंग्रजी नामांना असा प्रत्यय नाही. तिथे हे काम शब्दाची जागा करते. 'द टीचर गेव्ह द बॉय अ बुक' या वाक्यात 'बॉय' आणि 'बुक' यांची अदलाबदल केली, तर शिक्षकांनी पुस्तकाला मुलगा दिला असा अर्थ होऊन बसतो.

मराठी शाळेतून शिकून आता बँकेच्या परीक्षेची तयारी करणारे, नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात मुलाखतीला जाणारे, किंवा लेकराचा इंग्रजीचा गृहपाठ घ्यायला बसणारे आईबाबा, या सगळ्यांची गाडी नेमकी इथे अडते. शब्द पाठ असतात, काळ येतात, पण 'कोणाला' आणि 'काय' यांची जागा चुकते. माझ्या संध्याकाळच्या वर्गात मी हे ज्या क्रमाने शिकवते, त्याच क्रमाने इथे मांडते आहे. वही-पेन घेऊन बसा, आणि एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या: इथे इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत, त्यामुळे इंग्रजी वाक्यात 'मी' दिसला की त्याचा अर्थ 'मला'. आपल्या 'मी'साठी इंग्रजीत 'आय' येतो. वहीत मात्र ही वाक्यं इंग्रजी लिपीतच उतरवा.

पहिली पायरी: क्रियापदाखाली रेघ ओढा

वाक्य हाती आलं की आधी क्रियापद शोधा. मग विचारा, ही क्रिया कर्त्यापाशीच संपली की पुढे कशावर तरी गेली? 'द बेबी स्लेप्ट', बाळ झोपलं. क्रिया संपली, ऑब्जेक्ट शोधण्यात अर्थ नाही. 'माय ब्रदर रिपेअर्ड द कूलर', भावाने कूलर दुरुस्त केला. इथे दुरुस्ती कशाची तरी झाली, म्हणून ऑब्जेक्ट आहे. शाळेत आपण याला अकर्मक आणि सकर्मक म्हणत होतो. इंग्रजी पुस्तकांत इन्ट्रान्झिटिव्ह आणि ट्रान्झिटिव्ह हे शब्द भेटतील.

क्रियापदापुढे आलेला प्रत्येक शब्द ऑब्जेक्ट नसतो. 'शी रीड्स द न्यूजपेपर' यात पेपर हा ऑब्जेक्ट. 'शी रीड्स एव्हरी नाइट' यात 'एव्हरी नाइट' ही फक्त वेळ. ती रात्र वाचत नाही, रात्री वाचते. तसंच 'माय सिस्टर इज अ नर्स' यातली नर्स ही ऑब्जेक्ट नाही, कारण बहीण आणि नर्स एकच व्यक्ती आहे. इज, बिकेम, सीम्स अशा क्रियापदांपुढचा शब्द कर्त्याचीच माहिती देतो. त्याला कॉम्प्लिमेंट म्हणतात. तो ओळखा आणि पुढे चला.

दुसरी पायरी: डायरेक्ट ऑब्जेक्ट, आणि 'ला'चा चकवा

क्रियापद बोला आणि लगेच 'काय?' किंवा 'कोणाला?' असं विचारा. रिपेअर्ड काय? कूलर. हा डायरेक्ट ऑब्जेक्ट, म्हणजे ज्याच्यावर क्रिया थेट घडली ते प्रत्यक्ष कर्म.

आता सावध व्हा. बरेच जण एक सोपी खूण मनाशी धरतात: मराठीत 'ला' आला की तो इनडायरेक्ट, म्हणजे वस्तू ज्याला मिळते तो. ही खूण चुकीची आहे आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. चार वाक्यं पाहा. 'मी आजीला पाहिलं.' 'मी आजीला औषध दिलं.' 'आजीला संत्री आवडतात.' 'मी बर्डीला गेले.' (बर्डी म्हणजे नागपूरचा सीताबर्डी भाग.) चारही ठिकाणी 'ला' आहे आणि इंग्रजीत चारही वेगळे होतात. पहिल्यात 'आय सॉ ग्रँडमदर', आजी डायरेक्ट ऑब्जेक्ट. दुसऱ्यात 'आय गेव्ह ग्रँडमदर हर मेडिसिन', आजी इनडायरेक्ट. तिसऱ्यात 'ग्रँडमदर लाइक्स ऑरेंजेस', आजी चक्क कर्ता झाली आणि संत्री ऑब्जेक्ट. चौथ्यात 'आय वेंट टू सीताबर्डी', आणि सीताबर्डी तर कुठलाच ऑब्जेक्ट नाही. ती जाण्याची जागा.

असं का होतं याचं उत्तर आपल्या शाळेच्या विभक्तीच्या तक्त्यातच आहे. द्वितीया आणि चतुर्थी, दोन्हींचे प्रत्यय सारखेच: स, ला, ते आणि स, ला, ना, ते. त्यात मराठीत निर्जीव वस्तू डायरेक्ट असली तर बहुधा प्रत्यय लागत नाही, 'मी संत्रं पाहिलं'. माणूस असला की लागतो, 'मी आजीला पाहिलं'. नागपूरकराच्या कानावर तर हिंदीही लहानपणापासून असते. १९५६ पर्यंत हे शहर मराठी-हिंदी अशा दोन भाषांच्या राज्याची राजधानी होतं, आणि बाजारात आजही दोन्ही भाषा एका दमात बोलल्या जातात. हिंदीचा 'को'सुद्धा 'ला'सारखाच वागतो, त्यामुळे ही सवय दोन्हीकडून पक्की होते. म्हणून इंग्रजी वाक्य सोडवताना मराठी भाषांतरातला प्रत्यय पाहू नका, इंग्रजी वाक्यातली जागा पाहा.

याच पायरीवर आणखी एक दुरुस्ती करून टाका. डिस्कस, रीच, मॅरी, अटेंड, आन्सर या क्रियापदांना ऑब्जेक्ट थेट चिकटतो, मध्ये काही लागत नाही. 'वी डिस्कस्ड अबाउट द फीज' चूक, 'वी डिस्कस्ड द फीज' बरोबर. 'आय रीच्ड टू द स्टेशन' चूक, 'आय रीच्ड द स्टेशन' बरोबर. 'शी मॅरीड विथ हिम' चूक, 'शी मॅरीड हिम' बरोबर. उलट लिसन आणि वेट यांना आधार लागतो: 'लिसन टू मी', 'वेट फॉर मी'.

तिसरी पायरी: वस्तू कोणाकडे गेली

इनडायरेक्ट ऑब्जेक्ट म्हणजे डायरेक्ट ऑब्जेक्ट ज्याला मिळतो तो. 'द शॉपकीपर सोल्ड मी टू डझन ऑरेंजेस.' विकलं काय? दोन डझन संत्री, डायरेक्ट. ती मिळाली कोणाला? मला, इनडायरेक्ट. इनडायरेक्ट ऑब्जेक्ट एकटा येत नाही. त्याच्यासोबत डायरेक्ट असतो, बोललेला नाहीतर मनात धरलेला. 'आय विल टेल यू' यात सांगायची गोष्ट बोलली नाही, पण ती आहेच.

वर्गात मी कागदाच्या चिठ्ठ्या करून घेते. एकीवर कर्ता, एकीवर क्रियापद, एकीवर माणूस, एकीवर वस्तू, आणि एक छोटी चिठ्ठी 'टू'ची. बाकावर आधी हा क्रम लावायचा: कर्ता, क्रियापद, माणूस, वस्तू. 'अनिता सेंट हर मदर द फोटो.' मग माणसाची चिठ्ठी उचलून अगदी शेवटी न्यायची. ती शेवटी गेली की तिच्या अलीकडे 'टू'ची चिठ्ठी ठेवावीच लागते: 'अनिता सेंट द फोटो टू हर मदर.' मुलं एकदा हाताने हे हलवून पाहतात तेव्हा नियम पाठ करावा लागत नाही. माणूस वस्तूच्या आधी असेल तर 'टू' नको, वस्तूच्या नंतर असेल तर 'टू' हवाच. 'सेंट टू हर मदर द फोटो' आणि 'सेंट द फोटो हर मदर' ही दोन्ही वाक्यं बाकावरच खटकतात.

व्याकरणाच्या पुस्तकांत एक मतभेद दिसेल, तेवढा सांगून ठेवते. 'टू हर मदर' यालाही काही पुस्तकं इनडायरेक्ट ऑब्जेक्ट म्हणतात, तर काही त्याला प्रीपोझिशनचा, म्हणजे टू, फॉर, विथ अशा जोडणाऱ्या शब्दाचा, ऑब्जेक्ट म्हणतात. अर्थ तोच राहतो. परीक्षेसाठी तुमच्या पाठ्यपुस्तकात जे नाव असेल ते वापरा.

चौथी पायरी: 'टू' की 'फॉर'

वस्तू किंवा निरोप एका जागेहून दुसऱ्याकडे पोहोचत असेल तर 'टू'. गिव्ह, सेंड, शो, टेल, टीच, लेंड, पे, सेल, ऑफर, पास यांचं असंच. कोणासाठी काही तयार केलं, मिळवलं, आणलं असेल तर 'फॉर'. बाय, मेक, कुक, गेट, फाइंड, सेव्ह, बुक यांचं असं. 'ही बॉट हिज डॉटर अ सायकल' याचं दुसरं रूप 'ही बॉट अ सायकल फॉर हिज डॉटर'. इथे 'टू' लावलं तर चूक. ब्रिंग दोन्हींसोबत चालतं: 'ब्रिंग इट टू मी' म्हणजे माझ्याकडे आण, 'ब्रिंग इट फॉर मी' म्हणजे माझ्यासाठी आण.

एक बारकावा मला फार आवडतो. 'आय सेंट अ पार्सल टू नागपूर' हे अगदी बरोबर. पण 'आय सेंट नागपूर अ पार्सल' कानाला विचित्र लागतं, कारण वस्तूच्या आधीची ती जागा घेणाऱ्याची आहे, आणि गाव पार्सल हातात घेत नाही. 'आय सेंट माय आंट अ पार्सल' म्हणा, चालतं. 'आय सेंट द नागपूर ऑफिस अ पार्सल' हेही चालतं, कारण ऑफिसात घेणारी माणसं आहेत. म्हणजे 'टू' दिसला की इनडायरेक्ट ऑब्जेक्ट मिळाला असं समजू नका. तो शब्द क्रियापदापाठी आणून पाहा. तिथे बसला तरच मिळाला.

पाचवी पायरी: दोन क्रमांतला कोणता

दोन्ही क्रम बरोबर असतील तर जी गोष्ट ऐकणाऱ्याला नवी आहे, किंवा जी लांबलचक आहे, ती शेवटी टाका. 'आय गेव्ह द फॉर्म टू द क्लार्क हू सिट्स निअर द विंडो' सहज वाचता येतं, कारण खिडकीजवळच्या कारकुनाचं वर्णन शेवटी मोकळं पसरलं आहे. 

वस्तूच्या जागी 'इट' किंवा 'देम' आलं तर मात्र निवड नाही असंच धरा: 'गिव्ह इट टू मी', 'शो देम टू हर'. 'गिव्ह मी इट' इंग्लंडच्या बोलण्यात ऐकू येतं, पण नवशिक्याने पहिलंच रूप वापरावं. आणि ऑब्जेक्ट कोणताही असो, सर्वनामाचं रूप एकच: मी, हिम, हर, अस, देम. 'मॅडम गेव्ह रवी अँड आय द नोट्स' असं सुशिक्षित लोकही बोलून जातात. त्यातला रवी काढून पाहा. 'गेव्ह आय' कोणी म्हणत नाही, मग 'रवी अँड मी'च हवं.

याच सर्वनामांत इंग्रजीची जुनी विभक्ती शिल्लक आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय होते आणि तेव्हाचा 'हिम' हा आपल्या चतुर्थीतल्या 'त्याला'सारखा होता. पुढे नामांचे प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचं काम जागेकडे आलं.

सहावी पायरी: 'एक्स्प्लेन मी' का चालत नाही

"मॅडम, 'टेल मी' चालते, तं 'एक्स्प्लेन मी' काऊन नाही चालत?" हा प्रश्न प्रत्येक नव्या वर्गात येतो आणि तो अगदी रास्त आहे. मराठीत 'मला सांगा' आणि 'मला समजावून सांगा' यांची घडण एकच. इंग्रजीत मात्र काही क्रियापदं माणसाला आपल्या लगेच पाठी बसू देत नाहीत. एक्स्प्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, से, मेन्शन, अनाउन्स, रिपीट, डोनेट ही त्यांतली रोज लागणारी. यांच्यासोबत माणूस नेहमी 'टू' घेऊन शेवटी येतो. 'एक्स्प्लेन मी द सम' चूक, 'एक्स्प्लेन द सम टू मी' बरोबर. 'सजेस्ट मी अ गुड क्लास' चूक, 'सजेस्ट अ गुड क्लास टू मी' बरोबर; आणि खरं तर 'कॅन यू सजेस्ट अ गुड क्लास?' एवढंच म्हटलं तरी पुरतं, कारण विचारणारे तुम्ही समोरच उभे आहात.

यामागे थोडा इतिहास आहे. गिव्ह, टेल, शो, सेंड हे इंग्रजीचे घरचे, जुने शब्द. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधून आणि पुढे लॅटिनमधूनही शब्दांची मोठी भर पडली. एक्स्प्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट हे त्या बाजूचे. दोन ऑब्जेक्ट लागोपाठ घेण्याची ढब मुख्यतः घरच्या शब्दांची राहिली. ओळखायला एक ढोबळ खूण आहे: शब्द एकाच अक्षरावयवाचा (सिलेबलचा), म्हणजे उच्चाराच्या एकाच ठोक्याचा असेल, किंवा उच्चारताना जोर पहिल्या भागावर पडत असेल, तर तो बहुधा माणसाला जवळ घेतो. गिव्ह, सेंड, ऑफर, प्रॉमिस म्हणून पाहा. एक्स्प्लेन, डिस्क्राइब, डोनेट यांत जोर मागच्या भागावर पडतो. खूण सगळीकडे लागू होत नाही. 'से' एकाच अवयवाचा असूनही माणसाला जवळ घेत नाही, आणि 'असाइन'चा जोर मागे असूनही तो घेतो. म्हणून वरची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाच.

से आणि टेल ही जोडी वेगळी घोटून घ्या. 'ही सेड मी' चूक, 'ही सेड टू मी' बरोबर. 'ही टोल्ड टू मी' चूक, 'ही टोल्ड मी' बरोबर. आस्कला तर 'टू' लावूच नका: 'आय आस्क्ड द टीचर अ क्वेश्चन'. 'आस्क्ड टू द टीचर' हे आपल्याकडे इतकं ऐकू येतं की ते बरोबरच वाटायला लागतं.

इंट्रोड्यूस फसवा आहे. 'इंट्रोड्यूस मी टू युअर ब्रदर' हे वाक्य बरोबर आहे, पण त्यातला 'मी' डायरेक्ट ऑब्जेक्ट आहे. ओळख करून द्यायची आहे ती माझी, आणि भावाला.

परीक्षेतला पॅसिव्ह

व्हॉइस बदलायला, म्हणजे ऑब्जेक्टला कर्त्याच्या जागी आणून पॅसिव्ह वाक्य करायला सांगितलं, की दोन ऑब्जेक्ट असलेल्या वाक्याची दोन उत्तरं होतात. 'दे गेव्ह हर अ सर्टिफिकेट' याचं 'शी वॉज गिव्हन अ सर्टिफिकेट' होतं आणि 'अ सर्टिफिकेट वॉज गिव्हन टू हर' हेही होतं. आपण मराठीत 'तिला प्रमाणपत्र दिलं गेलं' म्हणतो, 'तिला' तसंच राहतं. त्यामुळे हात 'हर वॉज गिव्हन' लिहून जातो. इंग्रजीत ती कर्त्याच्या जागी आली की 'शी'च व्हायला हवी.

सहाव्या पायरीची यादी इथे पुन्हा कामी येते. 'आय वॉज एक्स्प्लेन्ड द रूल्स' असं ऑफिसच्या ईमेलमध्ये सर्रास लिहिलं जातं आणि ते चूक आहे. जो शब्द माणसाला पाठीशी बसू देत नाही, तो त्याला पॅसिव्हमध्ये कर्ताही होऊ देत नाही. 'द रूल्स वेअर एक्स्प्लेन्ड टू मी' असं लिहा.

'मेड हिम टी' आणि 'मेड हिम कॅप्टन'

दोन्ही वाक्यं दिसायला जुळी आहेत. 'शी मेड हिम टी', तिने त्याच्यासाठी चहा केला. 'शी मेड हिम कॅप्टन', तिने त्याला कॅप्टन केलं. विचारा, दोन शब्द एकाच व्यक्तीबद्दल आहेत का? तो म्हणजे चहा नाही, म्हणून 'हिम' इनडायरेक्ट आणि 'टी' डायरेक्ट. तो म्हणजेच कॅप्टन आहे, म्हणून तिथे 'हिम' डायरेक्ट, आणि 'कॅप्टन' हा त्या ऑब्जेक्टचा कॉम्प्लिमेंट. इलेक्ट, कॉल, नेम, अपॉइंट या क्रियापदांनाही हीच चाचणी लावा.

आता तुमची पाळी

खालची वाक्यं वहीत घ्या. क्रियापदाखाली रेघ ओढा, वस्तूभोवती चौकोन आणि घेणाऱ्याभोवती गोल काढा, आणि मगच पुढचं उत्तर वाचा.

'द मॅन ॲट द काउंटर हँडेड मी द टिकेट.' मेट्रोच्या खिडकीवरचं वाक्य. 'टिकेट' डायरेक्ट, 'मी' इनडायरेक्ट. 'ॲट द काउंटर' ही फक्त माणसाची ओळख.

'वी वेटेड ट्वेंटी मिनिट्स ॲट सीताबर्डी.' यात ऑब्जेक्टच नाही. वीस मिनिटं हा वेळ.

'माय मदर कुक्ड अस झुणका.' 'झुणका' डायरेक्ट, 'अस' इनडायरेक्ट. शेवटी नेलं तर 'फॉर अस'.

'द डॉक्टर एक्झामिन्ड माय फादर.' मराठीत 'वडिलांना तपासलं', तरीही वडील डायरेक्ट ऑब्जेक्ट.

'प्लीज डिस्क्राइब मी द बॅग.' वाक्य चुकलेलं आहे, दुरुस्त करा: 'प्लीज डिस्क्राइब द बॅग टू मी.'

'द बस टिकेट कॉस्ट हर ट्वेंटी रुपीज.' 'हर' आणि 'ट्वेंटी रुपीज' लागोपाठ आले आहेत, पण हे कॉस्ट क्रियापद आहे. याच्यासोबत माणूस शेवटी नेताच येत नाही. 'कॉस्ट ट्वेंटी रुपीज टू हर' कधीही लिहू नका.

हे जमलं की आज दिवसभरात तुम्ही काय दिलं, काय घेतलं, कोणाला काय सांगितलं, याची स्वतःची वाक्यं लिहा. भाजीवाल्या काकूंना दिलेले पैसे, शेजारच्या ताईंनी पाठवलेली संत्र्याची बर्फी, मित्राला दाखवलेला फोटो. प्रत्येक वाक्य आधी माणूस पुढे ठेवून लिहा, मग त्याला शेवटी नेऊन 'टू' किंवा 'फॉर' लावून लिहा. जिथे एकच रूप जमेल, त्या क्रियापदाची भर पहिल्या पानावरच्या यादीत घाला.